मोजा घातलेलं पिस्तूल

मित्रांनो, जगाचा इतिहास शस्त्रांनी लिहिला आहे. शस्त्रांनी सिंहासनं उलथली, देशांच्या सीमा आखल्या, भल्याभल्यांना शरण आणलं. मी एक जुनं हवेचं पिस्तूल आहे आणि माझ्या नावावर बरेचसे फुगे अन् एक वांगं जमा आहे. वांगं चुकून लागलं.

माझं बालपण मला आठवत नाही. लोखंडाला बालपण नसतंच, थेट नोकरी असते. माझी पहिली नोकरी घाटंजीच्या आठवडी बाजारात, श्रावण नावाच्या फुगेवाल्याकडे होती. तो फळीवर रंगीत फुगे लावी, मला गिऱ्हाइकाच्या हातात देई, आणि फुगा फुटला तर कंगवा बक्षीस. श्रावण धंद्याला पक्का होता. कंगवे फार जाऊ नयेत म्हणून त्याने माझ्या नळीवरची माशी, म्हणजे नेम धरायची खूण, पक्कडीने किंचित वाकवून ठेवली होती. माणूस नेम धरी समोर आणि छर्रा जाई हातभर डावीकडे. तरी पोरं माझी स्तुती करत, मला हातात घेऊन मिशांना पीळ देत, ज्यांना मिशा नसत तीसुद्धा. ते दिवस चांगले होते.

पुढे श्रावणने मोबाइलची कव्हरं विकायला घेतली आणि मला यवतमाळच्या नंदकिशोररावांना देऊन टाकलं. नंदकिशोरराव एका सरकारी कचेरीतून नुकतेच निवृत्त झाले होते. उभं आयुष्य त्यांनी साहेबांपुढे मान डोलावण्यात घालवलं होतं. अशा माणसाला म्हातारपणी कुठेतरी नेम धरावासा वाटला, तर त्याला नावं ठेवू नयेत. मीही ठेवली नाहीत. पुढे ठेवली.

त्यांनी घरामागच्या अंगणात भिंतीला एक फळी टेकवली, तिच्यावर कोळशाने गोल काढला आणि रोज दुपारी जेवण झालं की माझा बार सुरू केला. खटका दाबताच मी 'फटाक' असा स्वच्छ आवाज करतो. मला त्या आवाजाचा अभिमान होता. शेजारच्या बाबारावांना नव्हता. त्यांची वामकुक्षीची वेळ तीच. चौथ्या की पाचव्या दिवशी त्यांचं डोकं भिंतीवर उगवलं.

"नंदूभाऊ, मले बीपी हाये. तुमी इकडं फटाक करता अन् माह्यं काळीज तिकडं फटाक करते."

"हळू करतो बाबाराव."

"हळू कसं करता? पिस्तूल हाये का रेडिओ?"

नंदकिशोररावांना हे लागलं. मला हळू करायचंच असं त्यांनी ठरवलं, आणि इथून माझ्या आयुष्यातला किळसवाणा भाग सुरू होतो. ज्यांचं पोट नाजूक आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.

प्रथम त्यांनी माझ्या तोंडावर मोजा चढवला. पायमोजा. निरोप समारंभाच्या दिवशी पायातून निघालेला आणि तेव्हापासून पाण्याशी संबंध न आलेला. त्या मोज्यात एका पिढीच्या कचेरीचा वास होता. मला नाक नाही, तरी मला तो आला. आवाज तसाच राहिला, मोज्याला मात्र भोक पडलं. मग त्यांनी मला एरंडेल पाजलं, इतकं की खटका दाबला की छर्ऱ्याआधी एक चिकट थेंब बाहेर येई आणि बोटांवर ओघळे. मग माझ्याभोवती भिजवलेली कणीक थापली. आत रत्नप्रभाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, परात घेऊन फिरत होत्या.

"अहो, कणीक कुठं गेली?"

"प्रयोगाला."

"अन् मी पोळ्या कायच्या करू, प्रयोगाच्या?"

कणीक दुसऱ्या दिवशी आंबली. मुंग्या आल्या. त्या माझ्या नळीत शिरल्या, आत तुपकटासारखं काही साचलं. एवढं सोसून आवाज 'फटाक'चा 'फद्दाक' झाला, आणि तो पहिल्याहून वाईट. भिंतीपलीकडून बाबारावांनी विचारलं, "नंदूभाऊ, पोट बिघडलं का?"

आता त्या सालची गोष्ट सांगायला हवी. दोन हजार एकवीसच्या हंगामात कापसाने असा भाव खाल्ला होता की लोकांचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. म्हणून पुढच्या साली सगळ्यांनी कापूस विकायचा नाही असं ठरवलं. भाव चढेल मग काढू. तेवीसचा उन्हाळा लागला तरी भाव चढेना आणि गावोगाव घरं कापसाने भरलेली. माणसं अंगणात झोपत, कापूस आत पंख्याखाली झोपे. घरात साठलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते, तर सगळा जिल्हा खाजवत होता.

नंदकिशोररावांचं घाटंजीकडे शेत होतं. ते बटईने, म्हणजे निम्म्या वाट्याने, पूनमसिंग कसत असे. पूनमसिंगचं तांड्यावरचं घर लहान, म्हणून दोघांचाही कापूस यवतमाळला नंदकिशोररावांच्या मागच्या खोलीत ठेवला होता, छतापर्यंत. या पूनमसिंगबद्दल एक सांगतो. जिनिंगमध्ये, जिथे कापसातून सरकी काढतात, तिथला ग्रेडर प्रत्येक गाडीत कोपरापर्यंत हात घालून माल तपासतो. लोक वजनासाठी कापसाला पाणी मारतात, खडे घालतात. पूनमसिंगची गाडी आली की तो हात खिशातच ठेवी आणि म्हणे, "जाऊ द्या आत." फाटकावरच्या त्या तीन शब्दांसाठी पूनमसिंग आणि त्याची बायको हंसाबाई बोंडातला पाचोळासुद्धा बोटांनी वेचत.

एका दुपारी नंदकिशोरराव खाजवत खाजवत त्या खोलीत गेले आणि सहज टाळी वाजवली. टाळी ऐकूच आली नाही. कापसाने गिळली.

त्यांनी फळी आत आणली, ढिगाला टेकवली, दार लावलं आणि मला चालवलं. मित्रांनो, काय सांगू. माझा आवाज 'पुक' असा झाला. एखाद्याने ओठ मिटून शिंकावं तसा. मला माझी लाज वाटली. पलीकडे बाबाराव सुखाने घोरत होते, ते मात्र ऐकू येत होतं.

रोज दुपारी पुक, पुक, पुक. माशी वाकडी ती वाकडीच, छर्रा हातभर डावीकडे, सरळ ढिगात. फळीला भोक एकच होतं, तेही जुन्या खिळ्याचं. नंदकिशोरराव चष्मा पुसून ते पाहत आणि प्रसन्न होत.

"डबाभर छर्रे संपले," रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "अन् भोक एकच?"

"एकामागून एक, त्याच भोकातून गेले."

बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. म्हणाल्या, "बरं."

मे संपता संपता भाव जरा हलला. पूनमसिंग गाडी घेऊन आला, कापूस भरला गेला. नंदकिशोररावांनी मला कापडी पिशवीत घेतलं, परतीच्या वाटेत एका मेकॅनिककडून माझी मुंग्यांनी भरलेली नळी साफ करून घ्यायला. रत्नप्रभाबाईही निघाल्या. "इतके महिने खाजवलं, आता जाताना तरी डोळ्यानं पाहू द्या," म्हणाल्या.

जिनिंगच्या फाटकावर ग्रेडर म्हणाला, "जाऊ द्या आत." गाडी रिकामी होऊ लागली. आणि त्याच्या चपलेखाली काहीतरी कर्रकन वाजलं. त्याने वाकून उचललं. मग ढिगात हात घातला. मूठ उघडली तर तळहातावर शिशाचे छर्रे.

"पूनमसिंगभाऊ, हे काय जी? लोक पाणी मारतेत, तुमी शिसं टाकलं? वजनाची लयच घाई झाली होती का?"

रांगेतले गाडीवाले हसले. कोणीतरी म्हणालं, "तरीच म्हणलं, याचा माल बिना पाहता कसा जाते!"

"मशिनीत जाऊन दाते अडकले असते तं ठिणगी उडाली असती," ग्रेडर म्हणाला. "सारी जिन पेटली असती."

पूनमसिंगचा चेहरा मी पिशवीच्या फटीतून पाहिला. "याडी ये," म्हणजे आई गं, एवढंच तो आपल्या बंजारा बोलीत म्हणाला, आणि नंदकिशोररावांकडे वळला. "साहेब, तुमच्या घरून आणला जी. सांगा नं यायले."

नंदकिशोररावांनी आभाळाकडे पाहिलं. मग खोकले. मग म्हणाले, "उंदीर असतील."

"उंदरं छर्रे आणतेत?"

"आजकाल काही सांगता येत नाही."

मित्रांनो, मी मोजा सोसला. एरंडेल सोसलं. आंबलेली कणीक सोसली. पण त्या वाक्याने मला जी शिसारी आली ती कशानेच आली नव्हती. ज्या हाताने मला रोज धरलं तो हात पिशवीचं तोंड घट्ट आवळत होता.

पिशवीला हिसका बसला. रत्नप्रभाबाईंनी मला बाहेर काढलं आणि ग्रेडरच्या टेबलावर आदळलं.

"हा घ्या उंदीर," त्या म्हणाल्या, रांगेच्या शेवटच्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात. "छर्रे यानं टाकले. अन् याले धरून टाकणारे हे, माझे मालक. घरातल्या कापसात निशाणेबाजी करून राह्यले होते, शेजाऱ्याची झोप मोडू नये म्हणून. पूनमसिंगभाऊचा यात काही संबंध नाही."

सगळेच हसले. ग्रेडर म्हणाला, माल वेचून द्या, मग पाहतो.

भर उन्हात सगळे बसले. हंसाबाईला निरोप गेला, ती तांड्यावरून आली, ढीग पाहून पदर खोचून बसली. एकेक मूठ पिंजून छर्रा शोधायचा. नंदकिशोररावांच्या अंगभर कापूस चिकटला होता आणि खाजवायला हात मोकळा नव्हता. त्यांना मी टेबलावरून पाहत होतो. मला समाधान वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

संध्याकाळी पूनमसिंगने एक छर्रा उचलून त्यांच्या हातावर ठेवला.

"साहेब, नेम वाया नाही गेला तुमचा. माह्या नावाले लागला."

नंदकिशोरराव म्हणाले, "चुकलं, पूनमसिंग." आयुष्यात हे ते पहिल्यांदा साहेब नसलेल्या माणसाला म्हणाले.

कापूस घेतला गेला. पण घेण्याआधी ग्रेडरने हात घातला, अगदी कोपरापर्यंत. पुढच्या हंगामातही घातला. हसत घालतो, "सवय झाली जी" म्हणतो, पण घालतो. पूनमसिंगने बटई सोडली नाही, कापूस मात्र आता तांड्यावरच ठेवतो. झोपायला जागा नाही, तरी तिथेच.

मी तेव्हापासून कपाटात आहे. मला कोणी साफ केलं नाही, चालवतही नाही. बाबाराव कधी भिंतीवरून विचारतात, "नंदूभाऊ, बंदच केलं का?" आणि त्यांचा आवाज मला थोडा उदास वाटतो. मित्रांनो, वस्तू जपून वापरा. तिचा आवाज खुपत असेल तर तिला वापरू नका, पण तिचं तोंड दाबून, दार लावून, दुसऱ्याच्या मालात वापरू नका. अंगणात मी सगळ्या गल्लीला ऐकू जात होतो, तेव्हा माझ्यामुळे एका माणसाची झोप मोडली, बस.

हे सगळं तुम्ही ऐकून घेतलंत, आभारी आहे. आता जाताना या कपाटाची कडी तेवढी नीट लावा. झुरळं येतात, आणि मला त्यांची भीती वाटते.