कांदळवनातले शेजारी

वादळ येतंय असं रेडिओनं सांगितलं आणि कॅरिबियन समुद्रातल्या कारियाकू बेटावरच्या झाडून सगळ्या गलबतांनी कांदळवनाची खाडी गाठली. तिथं तिवरांच्या मुळांना गलबत बांधलं की वाऱ्याचा अर्धा माज झाडंच उतरवतात. जेसमीनं सकाळीच येऊन वडिलांनी स्वतःच्या हातानं बांधलेली 'पेशन्स' अगदी आतल्या कोपऱ्यात घुसवली, शिडं उतरवली, दोर आवळले. आता निवांत कोको प्यावा म्हणून ती बसते न बसते तोच शेजारी 'लिडिया' येऊन टेकली. खाडीत तेवढीच जागा उरली होती. लिडियाचे मालक अल्बान अंकल. गेल्या शर्यतीत वळणावर दोन्ही गलबतं घासली, तेव्हापासून दोघांची बोलचाल बंद होती.

बोलचाल बंद म्हणजे तोंड बंद, असं कारियाकूत कुणी समजत नाही. इथं ज्याच्याशी अबोला धरलाय त्याला ऐकू जाईल अशा बेतानं कुत्र्याला, कोंबडीला, भिंतीला सुनावतात. याला शब्द फेकणं म्हणतात. आणि अबोला मोडून जो सरळ बोलला, तो हरला.

"लिडिया, जपून गं बाई," अल्बान अंकल आपल्या गलबताला म्हणाले. "शेजारी वळता न येणारी माणसं आहेत."

"पेशन्स, नाक दाब," जेसमी म्हणाली. "कुणीतरी वर्षभर तळ खरवडलेला नाही."

दुपारपर्यंत हा कार्यक्रम मजेत चालला. मग वारा आला, आणि चेष्टा जागच्या जागी थांबली. झाडं जमिनीला टेकायला लागली, पाऊस आडवा धावायला लागला.

त्यातच जेसमीला दिसलं की लिडियाचा पुढचा दोर तिच्याच काठावर घासून एकेक पीळ सोडतोय. तो तुटला तर लिडिया गर्रकन फिरून पेशन्सला मुळांवर चिरडणार होती.

"लिडिया! मालकाला सांग, पुढचा दोर चाललाय!"

ताडपत्रीखालून अल्बान अंकल खो खो हसले. "ऐकलंस, लिडिया? आता आपल्या दोरांनाही नावं ठेवतायत!"

जेसमी पुन्हा ओरडली. पुन्हा हसणं. आणखी एक पीळ सुटला. पेशन्स बांधणारे हात विंडवर्ड गावच्या दफनभूमीत होते, दुसरी पेशन्स होणार नव्हती. जेसमीनं मान गुंडाळून ठेवला.

"अल्बान अंकल! तुम्हाला सांगतेय, तुम्हाला! दोर बघा!"

अंकल ताडकन उठले. दोघांनी मिळून नवा दोर घातला, घासायच्या जागी गोणपाट गुंडाळलं.

"आधी नाही का सांगायचं?" अंकल धापा टाकत म्हणाले.

"केव्हाची सांगतेय!"

"लिडियाला सांगत होतीस."

"ती तुमच्यापेक्षा समजूतदार वाटली."

अंकल पोट धरून हसले, आणि तेवढ्यात वारा पडला. ऊनही डोकावलं. पण दोघांनाही ठाऊक होतं, वादळाचा मधला शांत डोळा डोक्यावरून चाललाय. आता वारा उलटून खाडीच्या तोंडाकडून येणार. आणि तोंडाशी कुणाची तरी मोठी पांढरी यॉट सुटून आडवी पडली होती. ती सरळ इकडेच येणार.

समोरच्या वळणात एका कोळ्याची होडी सुटून गेल्यानं छान आडोशाची जागा रिकामी झाली होती. लिडियाला तिकडं ओढून नेणं सहज जमलं असतं. पेशन्सचा तळ मात्र चिखलात रुतला होता. ती हलणार नव्हती, आणि लिडिया गेली तर यॉटचा दणका सरळ तिलाच बसणार होता. अल्बान अंकलनी त्या जागेकडं बराच वेळ पाहिलं. जेसमीला ते दिसलं. जाऊ नका, असं म्हणायची तिची छाती झाली नाही. ज्यानं त्यानं आपलं गलबत वाचवावं, त्यात कोण काय बोलणार? ती खाली मान घालून दोर आवळत राहिली.

"जादा टायर आहेत का गं?" अंकलनी विचारलं.

तिनं होते नव्हते ते दिले. त्यांनी ते सगळे धक्का झेलायला लिडियाच्या बाहेरच्या अंगाला टांगले आणि तिथंच राहिले.

यॉट आली ती लिडियावर डोकं आपटतच राहिली. संध्याकाळी वारा ओसरला तेव्हा लिडियाची बाहेरची कूस फुटून आतल्या फासळ्या दिसत होत्या. पेशन्सचा नुसता रंग खरवडला होता. जेसमीला रडू आवरेना.

"जागा दिसली होती ना तुम्हाला? मग गेला का नाहीत?"

अल्बान अंकल सदरा पिळत होते. "तुझा बाप या पेशन्सच्या फळ्या ठोकत होता ना, तेव्हा दुसरं टोक मी धरलं होतं, पोरी. एकूण एक फळीचं."

जेसमीचं रडं आणखीच वाढलं.

"आता रडं आटप आणि बादली आण," ते म्हणाले. "माझी बाई बुडतेय."