दोन ब्रेकांची गाडी

मी बोलतेय. बॅटरी काढून घेतली, ऑइल उपसलं, तरी बोलतेय! आयुष्यभर माझ्यात बसून लोक घाबरले, किंचाळले, देवाचा धावा करत राहिले. मला मात्र कुणी तोंड उघडू दिलं नाही. आता या भंगार केंद्राच्या शेडमध्ये लोखंड कापणाऱ्या कात्रीची वाट बघत निवांत उभी आहे, तेवढ्यात सांगून टाकते.

मी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी. कारखान्यातून निघाले तेव्हा चारचौघींसारखीच होते. मग मास्तरांनी मला घेतलं आणि शेजारच्या सीटच्या पायाशी आणखी एक क्लच, आणखी एक ब्रेक बसवला. तेव्हापासून माझं स्टिअरिंग नवशिक्यांच्या हातात आणि जीव मास्तरांच्या पायात.

काय काय माणसं पाहिली! ऑफिसात सगळ्यांना धारेवर धरणारे एक साहेब, चौकात मी बंद पडले की रडवेले व्हायचे. एका आजीबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी काच खाली करून ट्रकवाल्याला दम दिला, "हॉर्न काय वाजवतोस? शिकतेय ना मी!" मागे गाड्या खोळंबल्या की भल्याभल्यांचा पाय ब्रेकवर खिळायचा. मास्तर कधी ओरडले नाहीत. एवढंच म्हणायचे, "समोर बघा. रस्ता मोकळा आहे. पाय हळूच सोडा." मग मी निघायचे.

पुढे मास्तर थकले, स्कूल त्यांच्या मुलीने हाती घेतलं, आणि मी तपासणीत नापास झाले. ब्रेक ठणठणीत होते. त्यात मास्तरांनी कधी हयगय केली नव्हती. पण वरून रंग आणि खालून चाळण अशी माझी गत. सांगाडाच गंजला होता. मला रस्त्यावर न्यायला बंदी झाली. मी अंगणात उभी राहिले. मास्तर रोज सकाळी येऊन काच पुसायचे आणि उगीचच आत बसून राहायचे.

एक दिवस गॅरेजवाला आला. "मास्तर, खालून पत्रा मारतो, नवा रंग देतो, लांबचं एखादं गिऱ्हाईक बघतो. गाडी जगेल तुमची." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मला जगायचं होतं. मास्तरांचाही चेहरा खुलला.

मुलगी पायरीवर उभी होती. म्हणाली, "बाबा, अशी गाडी घेणार कोण? ज्याला लायसन नुकतं मिळालंय तो. पहिली गाडी लोक जुनीच घेतात. म्हणजे तुमच्या विद्यार्थ्यांसारखेच. आणि त्यांच्या शेजारी तुम्ही नसणार."

मास्तरांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"बरं, मग सुटे भाग तरी नेतो," गॅरेजवाला म्हणाला.

"आणि गाडी आमच्याच नावावर राहू दे, होय ना?" मुलगी म्हणाली. "उद्या हीच नंबर प्लेट कुणी चोरीच्या गाडीला लावली की पोलीस आमच्या दारात. आणि ऑइल कुठे ओतणार? मागच्या ओढ्यातच ना?"

गॅरेजवाल्याने काढता पाय घेतला. मी तिच्यावर भयंकर रागावले. पण त्या दिवशी मास्तरांनी काच पुसली नाही, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. त्यांना काय सोसतंय ते मला कळत होतं.

मग टो करणाऱ्या ट्रकवरून मी या सरकारमान्य केंद्रात आले. इथल्या माणसाने कागद पाहिले, चासीवरचा नंबर ताडून घेतला आणि म्हणाला, "हा नंबराचा तुकडा कापून देतो, सोबत दाखला देतो. ते दाखवून नोंदणी रद्द करा. नाहीतर गाडी मोडली तरी कागदावर फिरतच राहते."

आता मला ढकलून शेडमध्ये न्यायचं होतं. मुलगी स्टिअरिंगवर बसली. मास्तर सवयीने शेजारी बसले. कामगारांनी जोर लावला. मी हलेना. आणखी दोघे आले. तरी हलेना.

"चाक जाम झालंय," एकजण धापा टाकत म्हणाला. "वंगण आणा रे!"

मुलीने खाली पाहिलं. मास्तरांची नजर समोर शेडवर होती आणि पाय ब्रेकवर. गच्च.

बाहेर कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात ती म्हणाली, "समोर बघा, बाबा. रस्ता मोकळा आहे. पाय हळूच सोडा."

मास्तरांनी काचेवरून एकदा हात फिरवला. मग पाय सोडला. मी निघाले.

आता माझ्यातलं ऑइल, पाणी, गॅस सगळं वेगवेगळं काढून नीट भरून ठेवलंय. टायर निघतील, काचा निघतील, मग कात्री. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण माझ्या गंजलेल्या तळावर कुणा नवशिक्याचं पोर बसणार नाही आणि माझ्या नंबरावर कुणी चोर फिरणार नाही, हे समाधान मोठं आहे. माझं पोलाद वितळून पुन्हा कशाच्या तरी उपयोगी पडेलच.

तुमच्याही अंगणात माझी एखादी बहीण गंजत उभी असेल. तिच्यावर माया असेल तर तिला अशाच ठिकाणी आणा. आणि ढकलताना ती हलली नाही, तर लगेच वंगण शोधू नका. आधी आपला पाय कुठे आहे ते बघा.