खरी नोंद

धाकट्या भावाला जाऊन आठ महिने झाले, तेव्हा तिने औषधांच्या दुकानातली सोळा वर्षांची नोकरी सोडली आणि समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं. वय एकेचाळीस. वर्गातली बाकीची पोरं तेविशी-चोविशीतली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिला मावशी करून टाकलं. तिनेही ते मुकाट्याने मान्य केलं.

भाऊ बस चालवायचा. त्याला आधी उदासीनं धरलं की आधी दारूनं, हे घरात कुणालाच सांगता आलं नसतं. मनोरुग्णालयात नेलं की डॉक्टर म्हणायचे, आधी दारू सुटू दे, मग बघू. व्यसनमुक्ती केंद्रात नेलं की तिथले म्हणायचे, याचं डोकं ठिकाणावर नाही, आधी तिकडे दाखवा. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत. तीन वर्षं ती त्याचा हात धरून या दारातून त्या दारात फिरली. मनोरुग्णालयाच्या शेवटच्या चिठ्ठीवर एकच ओळ होती: 'नशामुक्त झाल्यावर आणावे.' त्यानंतर अकराव्या दिवशी त्याला कुठेच न्यायची गरज उरली नाही.

पहिल्याच आठवड्यात प्राध्यापक बाईंनी फळ्यावर एकमेकांत घुसलेली दोन वर्तुळं काढली. "मनाचा आजार आणि व्यसन एकाच माणसात असेल, तर उपचारही एकत्र. एकाच जागी, एकाच वेळी. एक बरा होईपर्यंत दुसऱ्याला ताटकळत ठेवायचं नाही."

पोरांनी भराभर लिहून घेतलं. तिने पुस्तकाचं पहिलं पान उघडलं आणि छपाईचं साल पाहिलं. भाऊ आजारी पडला त्याच्या बारा वर्षं आधीचं. म्हणजे हे माहीत होतं. छापून, बांधून, कपाटात लावून ठेवलेलं होतं.

घरी जाऊन तिने आईला सांगितलं. आई धुतलेल्या चादरीची घडी घालत होती. "बैल गेला नि झोपा केला," एवढंच म्हणाली, आणि चादरीचं दुसरं टोक तिच्या हातात दिलं.

दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष कामासाठी तिला एका केंद्रात पाठवलं. 'दोन्ही आजारांवर एकाच छताखाली उपचार' अशी पाटी बाहेर होती. तिला मिळालेली खोली पूर्वी अडगळीची होती. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, जुन्या फायलींचं न मिटणारं कपाट, गाड्यांच्या तळाकडे उघडणारी खिडकी. तिथे तिचा पहिला पेशंट आला. वेल्डर, वय बत्तीस. मेलेला बाप कानात शिव्या घालायचा, आणि तो आवाज दाबायला हा प्यायचा.

पहिले दोन आठवडे तो खिडकीतून गाड्याच मोजत बसला. तिसऱ्यात म्हणाला, "तुम्ही मला दारू सोड म्हणत नाही. का?"

"आधी मला समजू दे, ती तुमचं कुठलं काम करते."

त्यावर तो पहिल्यांदा हसला. मग मॅडमची ताई झाली. केंद्रातल्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. आवाज महिन्याभरात पुटपुटण्याएवढा उरला. तो रात्री झोपायला लागला. पाच आठवडे त्याने थेंब घेतला नाही.

नवव्या आठवड्यात एका सकाळी तो आला तोच दारात थांबला. "ताई, वास येईल म्हणून लांब उभा आहे. काल दोन ग्लास घेतले, आज सकाळी एक. गोळ्या चार दिवस बंद आहेत. त्यांनी हात थरथरतो, वेल्डिंगची रेघ वाकडी जाते. मालक म्हणाला, घरी बस. गोळ्या सोडल्या, तर वडील परत आले."

त्याला आत बसवायला, सगळं ऐकून घ्यायला तिला तासभर लागला. एकामागून एक सगळं उलगडत गेलं. गोळीची मात्रा बदलायला हवी होती, तीही आजच. तिने नोंदवहीत अक्षर न् अक्षर लिहिलं. नोंद खरी असावी, हे बाईंनी घोकून घेतलं होतं.

संध्याकाळी केंद्रप्रमुखांनी वही वाचून तिला बोलावलं.

"पिऊन आलेल्याला तीन महिने बाहेर. नियम भिंतीवर लावलाय."

"सर, गोळीनं हात कापत होता म्हणून त्याने ती सोडली. नेमका इथेच उपचार लागतो. तापाच्या वॉर्डातून ताप आला म्हणून माणसाला हाकलतात का?"

"याला सूट दिली तर उद्या वीसजण झुलत येतील." त्यांनी वही मिटली. "तुमचे प्रशिक्षणाचे किती तास राहिलेत?"

"चाळीस."

"पूर्ण करून घ्या. चिठ्ठी तुम्हीच लिहा. पेशंट तुमचा आहे."

तिने बाहेर येऊन प्राध्यापक बाईंना फोन लावला. बाईंनी शांतपणे ऐकलं. "तुझं शंभर टक्के बरोबर आहे. पण ते आपल्या मुलांना शिकायला घेतात, हेच खूप. आत्ता वाकडं घेऊ नकोस."

ती परत आत गेली. प्रमुखांनी मजकूर सांगितला, तिने लिहिला: 'नशामुक्त झाल्यावर पुन्हा यावे.' खाली सही केली. सही करताना हात थरथरला नाही, याचीच तिला नंतर लाज वाटत राहिली.

दहा दिवसांनी ती वेल्डरच्या घरी गेली. त्याच्या भाजलेल्या उजव्या पंजाला पट्टी होती. काम सुटलं होतं. त्याने खुर्ची झटकून पुढे केली.

"चिठ्ठीबद्दल माफी मागायला आले."

"तुमच्यावर राग नाही, ताई. तुम्ही माणूस म्हणून चांगल्या आहात. चूक माझीच. गुपचूप पिऊन आलो असतो, तोंडात बडीशेप टाकली असती, तर आज गोळी बदलून मिळाली असती."

ती उठली. त्याची बायको फाटकापर्यंत सोडायला आली. "मधले महिनाभर घरात हसणं होतं," ती म्हणाली. "ते झालंच नसतं तर बरं होतं. आता पोरं रोज विचारतात, बाबा परत तसे कधी होणार." फाटक लावून ती आत गेली.

तोंडी परीक्षेत तिने हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. बाहेरून आलेले परीक्षक भारावले. इतकं प्रामाणिक आत्मपरीक्षण बऱ्याच वर्षांत ऐकलं नाही, म्हणाले. केंद्राचं काय करायचं, हे कुणी विचारलं नाही. ती वर्गात पहिली आली. महिन्याभरात त्याच केंद्राने तिला नोकरी दिली, आणि दुसरी कुठे नव्हती म्हणून तिने ती घेतली. नियम बदला, असे तीन अर्ज तिने वर्षभरात दिले. तिन्हींवर पोच मिळाली.

आता नवा पेशंट समोर बसला की ती पेन खाली ठेवते. "तुम्ही सांगाल ते मला लिहावं लागतं," ती म्हणते. "आणि लिहिलेलं वर वाचलं जातं. तेव्हा काय सांगायचं ते विचार करून सांगा."

बहुतेकजण विचार करतात. मग हवापाण्याचं बोलतात, झोप बरी आहे म्हणतात, आणि वेळ संपली की नमस्कार करून उठतात.