फुलांना लागलेला हात

लग्नघरात सगळं पुरून उरतं, शहाणपण तेवढं नेमकं कमी पडतं. भागीरथीबाईंच्या घरी तरी दुसरं काय झालं? बाईंनी तीस वर्षं तंजावरच्या शाळेत मुलांना शास्त्र शिकवलं. ग्रहणात जेवलं तर काही होत नाही, हे त्यांनी फळ्यावर चित्र काढून सांगितलं होतं. पण धाकट्या हरिणीचं लग्न उभं राहिलं आणि त्यांचं सगळं शास्त्र शाळेतच राहून गेलं.

थोरली विनुता दोन वर्षांपूर्वी विधवा झाली होती. जावई डेंगीच्या तापानं चार दिवसांत गेले. विनुता तंजावरजवळच्या ओरत्तनाडू गावी सरकारी कचेरीत नोकरी करून तिथेच एकटी राहत होती. हरिणीनं बहिणीकडे एकच हट्ट धरला होता. "अक्का, रिसेप्शनचा चेंडु दुकानातला नको. तूंच बांधून दे."

तंजावरकडच्या मराठीत फुलांच्या गुच्छाला तमिळसारखं चेंडु म्हणतात. तिकडे रिसेप्शन मुहूर्ताच्या आदल्या संध्याकाळीच असतं. विनुतानं त्या दिवशी पहाटेच मंडपातल्या मागच्या खोलीत बसून गुच्छ बांधला. लांब देठांचा निशिगंध, मधे गुलाबाच्या कळ्या, कडेनं अबोली आणि वासाला दवणा. मुठीला तिनं लाल रेशीम गुंडाळलं आणि त्यावर तंजावरच्या चित्रांत लावतात तसले काचेचे बारीक खडे एकेक करून चिकटवले. तो पाण्यात उभा करून ती साडी बदलायला गेली. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती काहीतरी गुणगुणत होती.

भागीरथीबाई खोलीत आल्या आणि गुच्छ पाहून दचकल्या. नवरी हाच हातात धरणार! साताऱ्याहून आलेली वऱ्हाडी मंडळी काय म्हणतील? आणि हरिणीच्या नशिबीही तेच आलं तर? त्यांनी खोलीचं दार लोटलं आणि दोरे सोडायला सुरुवात केली.

विनुता परत आली तेव्हा निम्मी फुलं ताटात पडली होती.

"अम्मा, हें काय करतेस?"

"हरिणीच्या हाती जायचं आहे गे. तुझा हात लागलेला..." बाई अडखळल्या. "कोणी सुवाशीण पुन्हा बांधेल. फुलं तींच की."

विनुतानं वाद घातला नाही. "बरं अम्मा," एवढंच म्हणाली, पिशवी उचलली आणि बसस्टँडकडे निघून गेली. खरं सांगायचं तर भागीरथीबाईंना त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. लग्न पार पडलं की पोरीची समजूत काढू, असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं. आपण सगळे असंच करतो. आधी माणसाला दुखवतो आणि समजूत काढायला नंतरचा मुहूर्त शोधतो.

बाईंची स्वतःची बोटं संधिवातानं वाकडी झालेली, म्हणून त्यांनी फुलांचं ताट नवरदेवाच्या नंदितामावशींपुढे नेलं. मावशींच्या कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. "मावशी, तुम्ही सुवाशीण. एक चेंडु बांधून द्या. आधीचा चालण्यासारखा नव्हता."

मावशी साताऱ्याच्या. त्यांना चेंडू एकच ठाऊक, खेळायचा. नवरानवरीच्या खेळासाठी हवा असेल, असं समजून त्यांनी कात्री घेतली, सगळे देठ छाटले आणि तासाभरात नारळाएवढा गच्च, गोल, सुरेख चेंडू बांधून आणला.

"हें काय केलंत!" भागीरथीबाई चेंडूत देठ शोधू लागल्या. "गुच्छ हवा होता हो! हातात धरायचा!"

"अगं बाई! मग गुच्छ म्हणायचं ना!" मावशी ओशाळल्या. "पण आधीच्याला काय झालं होतं?"

बाईंनी सांगितलं. सांगताना आवाज आपोआप खाली गेला. मावशींनी चेंडू ताटात ठेवला.

"ताई, माझे पहिले यजमान मी सत्तावीस वर्षांची असताना गेले. हे दुसरे. आता सांगा, माझा हात कसला? मधली पाच वर्षं तो वाईट होता आणि मग एके दिवशी चांगला झाला का? तेव्हा माझ्या भावाच्या लग्नात मला स्वयंपाकघरात बसवलं होतं. बसवणारी माझी आईच होती. बाकीच्यांचं मी कधीच विसरले, ताई. आईचं नाही विसरता आलं."

भागीरथीबाईंनी विनुताला फोन लावला. पलीकडे बसचा खडखडाट ऐकू येत होता.

"विनुता, परत ये गे! माझं चुकलं!"

"येऊन काय करूं, अम्मा?" आवाजात राग नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. "तूं घाबरलीस, मज ठाऊक आहे. मीही घाबरत होतें. दोन वर्षं मी हरिणीला जवळ घेतलं नाही, आपलं नशीब तिला लागेल म्हणून. आज फुलं बांधतांना पहिल्यांदा वाटलं, माझ्या हातांस काहीं झालेलं नाही. पण तूंच सोडवलंस ना, अम्मा? मग माझी भीतीच खरी असेल."

फोन बंद झाला. पुन्हा लावला, तर उचलला नाही.

त्या संध्याकाळी हरिणी रिकाम्या हातांनी स्टेजवर उभी राहिली. बायका कुजबुजल्या तेव्हा भागीरथीबाई सगळ्यांसमोर उठल्या. "तिचा चेंडु तिच्या अक्कानं बांधला होता. तो मी मोडला. अपशकुन केला असेल तर मी केला, माझ्या विनुतानं नाही!" हरिणी तिथेच हुंदके देऊन रडली.

दुसऱ्या दिवशी मुहूर्त होता. भागीरथीबाईंनी ओरत्तनाडूला गाडी पाठवली, ती रिकामी परत आली. अक्षता पडल्या तेव्हा बाई दाराकडे बघत होत्या.

वाचकहो, नवरा गेला म्हणून बाईचा हात अशुभ होत नाही. पण आपल्याच माणसांनी तो झिडकारला की हळूहळू तिलाच ते खरं वाटायला लागतं, आणि मग आपण कितीही शहाणे झालो तरी तिची समजूत निघत नाही. तुमच्या घरातही अशी कोणी असेल, तर पुढच्या कार्यात पहिलं फूल तिच्या हाती द्या. भागीरथीबाई आता दर रविवारी ओरत्तनाडूला जातात. विनुता दार उघडते, जेवायला वाढते, सगळं करते. फक्त आई निघताना ती नमस्कार करायला वाकते, तेव्हा हात पायांना लावत नाही.