जुना फिल्टर बाबांच्या ताब्यात

आमचा ट्रक आणि ताईचा नवरा, दोघांवरही बाबांचा सारखाच संशय आहे. फरक एवढाच की ट्रकला ते अहोजाहो करत नाहीत.

दाजी मेकॅनिक आहेत. आमच्या ट्रकचं इंजिन ऑइल ते फुकट बदलून देतात, आणि बाबांच्या मते गोम तिथेच आहे. पैसे घेणारा माणूस का आला ते कळतं. फुकट करणाऱ्याच्या मनात काय आहे ते शोधावं लागतं. मागच्या वेळी दाजी हात धुऊन गेले, तर बाबा साबण किती झिजला ते बघून आले. ताईने ते पाहिलं. म्हणून या वेळी तिने दारातच सांगून टाकलं, "आज यांच्यावर एक शब्द जरी संशयाने बोललात ना बाबा, तर मी या घरात परत पाऊल टाकणार नाही."

ताईवर बाबांचा भारी जीव. ते गप्प बसायला कबूल झाले. तेलाबरोबर बदलायचा फिल्टर मात्र स्वतः आणणार म्हणाले.

मी सोबत गेलो. पहिल्या दुकानात बाबांनी आधी डुप्लिकेट फिल्टर दाखवायला सांगितला. दुकानदार म्हणाला, आम्ही ठेवतच नाही. खोटारडा आहे असं ठरवून आम्ही बाहेर पडलो. दुसऱ्याने काढून दाखवला, म्हणजे तो विकतही असणार. तिसरा गल्ल्यावर डुलक्या घेत होता. झोपेत माणूस फसवू शकत नाही, या तत्त्वावर फिल्टर त्याच्याकडून घेतला. घरी येऊन बाबांनी त्यावर ताईच्या नेलपॉलिशने सही केली, म्हणजे आपल्या हातातून इंजिनापर्यंत जाताना तो बदलला जाऊ नये.

दाजींनी फिल्टरचे आटे बघितले, नंबर ताडून पाहिला आणि बरोबर आहे म्हणाले. बाबा अस्वस्थ झाले. इतक्या लवकर कसं पटलं?

दाजी ट्रकखाली शिरले. बाबाही शिरले. नट काढल्यावर जुनं तेल घमेल्यात पडू लागलं, तसं बाबांनी त्यात बोट बुडवून वास घेतला आणि दुसरं मत हवं म्हणून बोट माझ्याकडे धरलं. मग दाजींनी जुना फिल्टर फिरवून काढला, आणि तो पुरता हातात येण्याआधीच बाबांनी हिसकावला. हाच धुऊन परत बसवतात, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं.

"बाबा, जरा थांबा, मला एकदा बघू..."

"जुन्यात काय बघायचंय?"

ताईने घसा खाकरला. दाजी, जावई असल्यामुळे, पुढे काही बोलले नाहीत. बाबा फिल्टर वर्तमानपत्रात गुंडाळून, काखेत मारून बाहेर आले.

नवा फिल्टर बसला, नवं तेल ओतलं. मी इंजिन चालू केलं आणि फिल्टरच्या कडेने तेलाची चिळकांडी उडाली. मी घाईने बंद केलं, तोवर तेल बाबांच्या चपलांपर्यंत पोचलं होतं.

एवढं तेल वाया जाऊन इतका खूश झालेला माणूस मी पाहिला नव्हता. बाबांनी तोंड उघडलं. ताईने पर्स खांद्याला लावली. बाबांनी तोंड मिटलं, मग ट्रककडे बघून म्हणाले, "कोणीतरी काहीतरी केलंय."

"कोणी?" ताईने विचारलं.

"नाव घेतलंय का मी?"

दाजींनी नवा फिल्टर परत काढला. सही जागच्या जागी होती. पण इंजिनाला एक काळी रबरी रिंग चिकटलेली होती, जुन्या फिल्टरची. कधी कधी ती मागे राहते, दाजींनी समजावलं. तिच्यावर नवी रिंग बसली की दाबाने तेल फुटून बाहेर येतं. म्हणूनच जुना फिल्टर काढल्या काढल्या बघायचा असतो.

सगळे बाबांच्या काखेकडे बघू लागले. बाबांनी पुडकं सोडलं. फिल्टरवरची रिंगची खोबण रिकामी होती. त्यांनी वर्तमानपत्रही झटकून पाहिलं.

"चूक माझीच," दाजी म्हणाले. "न बघता नवा बसवायला नको होता."

बाबा माझ्या कानाशी आले. "हे स्वतःवर का घेतायत?"

"बाबा," ताई म्हणाली. एवढंच.

बाबा स्टूल ओढून भिंतीकडे तोंड करून बसले. "जावईबापू, तुम्ही बसवा. मी बघत नाही."

ताईने पर्स खाली ठेवली. दाजी परत ट्रकखाली गेले. थोड्या वेळाने भिंतीकडून कुजबुज आली.

"काय करतायत?"

"रिंग काढली. आता पुसतायत."

"मग?"

"हसतायत."

बाबांची पाठ ताठ झाली. "कशाला?"

ताई माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "गुदगुल्या होत असतील."

बाबांनी मान वळवली नाही, पण या उत्तरावर नीट विचार केला.

"ट्रकखाली?"