सांकळीबाबाचं तीर्थ

पारासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. शहादा, तळोदा, पार नवापूरकडून बैलगाड्या आल्या होत्या, आणि प्रत्येक गाडीत एक तरी बाई मान खाली घालून बसली होती. मूल न झालेली. साल एकोणीसशे सदतीस. तापीकाठच्या या गावात सांकळीबाबा वांझेची कूस उघडतो, ही बातमी बाजारोबाजार पोचली होती.

बाबा उघडाबंब, अंगभर हळद फासलेला. हातात लोखंडी साखळी. "घाबरू नको, बाई! हा मार तुला नाही, तुझ्या आत बसलेलीला आहे. ओरडते ती तीच!"

म्हणजे बाई ओरडली, तर साखळी लागू पडली. गप्प राहिली, तर अजून हवी. बाबाचं शास्त्र दोन्ही बाजूंनी पक्कं होतं.

त्या दिवशी पहिला मान बाबाच्या यजमानाच्या, पितांबरच्या बायकोचा. त्याने गजराबाईला स्वतः आणून बसवलं आणि हलू नये म्हणून तिचे केस मुठीत धरले. पहिल्या तडाख्याने चोळी फाटली, दुसऱ्याने पाठ. गजराबाई किंचाळली.

"बोल!" बाबा गरजला. "कोण डाकीण तुझी कूस खाते? नाव घे!"

"माले ठाऊक नही, बाबा..."

पुन्हा साखळी. पुन्हा तोच सवाल. गजराबाईला आता फक्त एवढंच कळत होतं, की नाव घेतलं तर हे थांबेल. तिचं पहिलं मूल मेलेलं जन्मलं, तेव्हा उशाशी एकच बाई होती: नवऱ्याची चुलती, विधवा भिकुबाई, गावची सुईण.

"भिकुजिजी," गजराबाईच्या तोंडून निघून गेलं.

साखळी थांबली. गर्दी उठली.

भिकुबाई मागेच उभी होती. गजरासाठी हळद-नारळ घेऊन आलेली. तिला फरफटत पुढे आणलं. "आरे, मन्हा हातवर जलमनात रे तुम्ही!" ती ओरडत होती. कोणी ऐकलं नाही. तिचा पुतण्या पितांबर तर तिचा हात पिरगाळून उभा होता.

"न्याय तीर्थ करेल," बाबा म्हणाला. त्याने म्हातारीच्या तळव्यांना हळद चोळली आणि शेजारच्या घागरीतलं नितळ पाणी तांब्याने त्यावर सोडलं. "निर्दोष असेल, तर हात पिवळे. डाकीण असेल, तर खाल्लेल्या लेकराचं रक्त बाहेर येईल!"

हात लाल झाले. बोटांवरून लाल थेंब ओघळले.

पहिला दगड पितांबरचा होता. तो खांद्यावर बसला. दुसरा कोणाचा, ते कळलं नाही. तो डोळ्यावर बसला. भिकुबाई खाली पडली, तशी लाथा सुरू झाल्या. बायकाही मागे नव्हत्या.

"नको! मी खोटं बोलनू!" गजराबाई ओरडली. तो आवाज तिचा नसून डाकिणीचा, असं समजून कोणीतरी तिलाच ढकललं. ती घागरीवर आपटली. उठायला आधार म्हणून तिने घागरीचा काठ धरला आणि हात मनगटापर्यंत आत गेला. सकाळी सासूने तिलाही बाबाच्या नावाने हळद माखली होती.

हात बाहेर आला तो लालभडक.

गजराबाई बघत राहिली. जखम नव्हती. दुसरा हात बुडवला. तोही लाल. मग मी कोणाचं लेकरू खाल्लं? तिला आपल्या लग्नातलं हळदीचं पातळ आठवलं. साबण लागताच त्यावर असेच लाल डाग उमटले होते, आणि तेव्हा कोणी डाकीण शोधली नव्हती.

तिने अख्खी घागर उचलली आणि बाबाच्या अंगावर रिकामी केली.

पिवळाधमक बाबा छातीपासून पोटापर्यंत लाल झाला. डोळे दाबून तो बोंबलला, "डोळे गेले! आग! आग!"

"देखा!" गजराबाई आपले दोन्ही हात वर करून ओरडली. "मन्हा हात लाल, बाबानं आंग लाल! आते कोन डाकीण? सोडा तिले!"

लाथा थांबल्या. घागरीच्या तळाशी बसलेला पांढरा गाळ बाबाच्या पायांवर पसरला होता. पोलीसपाटील सुकलालआप्पा वाकले, त्यांनी तो चिमटीत चोळला, जन्मभर तंबाखू मळलेल्या अंगठ्याने. "चुना शे हाई," ते हळूच म्हणाले. "चुनानी निवळी. हळदले लागनी, का लाल व्हस."

मग ज्या हातांनी भिकुबाईवर दगड टाकले, तेच हात बाबावर पडले. त्याचे दात गेले, बरगडी मोडली. आप्पांनी मध्ये पडून त्याला खांबाला बांधलं नसतं, तर तो तिथेच मेला असता. गजराबाई तिकडे फिरकलीही नाही. म्हातारीचं डोकं मांडीवर घेऊन ती पदराने रक्त टिपत होती. हे खरं रक्त होतं.

नंदुरबारला डॉक्टर निर्मलाबाईंनी भिकुबाईला वाचवलं. डोळा वाचला नाही. गजराबाईची पाठ शिवताना त्यांनी विचारलं, "बाळंतपणानंतर ताप आला होता? ओटीपोटात दुखायचं?"

"खूप. महिनाभर उठनू नही."

"मग ऐक. गर्भाशयाच्या दोन बाजूंना नळ्या असतात, त्यांतून बीज येतं. आत पू झाला, की नळ्या चिकटतात. बीजाला वाटच राहत नाही. तुझं तसंच झालं असावं. कोणाचं बीजच तयार होत नाही, पाळी लांबते. कोणाच्या गर्भाशयात गाठ असते, कोणाच्या पोटात क्षय. कोणाला नवऱ्याकडून गुप्तरोग लागतो. आणि कितीतरी घरांत बाईत दोष नसतोच, पुरुषात असतो."

शेजारच्या खाटेवरून भिकुबाईने विचारलं, "तो ताप मन्हा हातथीन उना का, बाई?"

निर्मलाबाईंनी उलट विचारलं, "हात साबणाने धुतले होते? नाळ कापायचा विळा उकळला होता?"

"लुगडाले पुसात."

"मग तसं झालं असेल."

म्हातारी हुंदके देऊ लागली. गजराबाईने तिचा हात धरला. "तुले कोन सांगं व्हतं, जिजी? आते शिक. आनि मी तुन्हं नाव घिदं, ते माफ कर."

दाराशी पितांबर उभा होता. "मन्ही नळी उघडेल का?" असं बायकोने विचारलं, आणि "त्यावर खात्रीचा इलाज आज माझ्याकडे नाही," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे त्याने ऐकलं. मग निर्मलाबाई त्याच्याकडे वळल्या. "तुमचीही तपासणी करायची आहे."

तो संतापला. "मी मरद शे!"

"माले मारतांना केस कोन धरं व्हतं?" गजराबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच तो पितांबरला सहन होईना. "मी साखळी खादी. तुम्ही डाक्टरकडे गयात ते काय मरी जाशात?"

पितांबर खाली बघत तपासणीला आत गेला.

गजराबाईला मूल झालं नाही. भिकुबाई गावोगाव पाणी उकळायला सांगत फिरली. बायाबाप्यांनो, मूल न होणं हा आजार असतो, कधी त्याचं कारण सापडतं, कधी सापडत नाही. तो कोणाची करणी नसतो. ज्याने औषध म्हणून बाईवर हात उचलला, त्याच्याकडे औषध नाही, एवढं ओळखा. आणि तिला घेऊन दवाखान्याची वाट धरा, दोघंही.