बटणाची परवानगी

बहात्तरच्या दुष्काळात लासूर स्टेशनच्या माळावर यांची एक हाळी गेली की पांगलेली मेंढरं वळायची. पुढं मेंढरं गेली, आम्ही गारखेड्यात दोन खोल्या बांधल्या. दोन हजार तेराच्या दुष्काळात यांना लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. समज मात्र शाबूत होती.

आमचा अजिनाथ चिकलठाण्याच्या कारखान्यात मशिनी दुरुस्त करायचा. त्यानं कुणाचा तरी जुना कॉम्प्युटर आणून त्यात विंडोजऐवजी लिनक्स नावाची फुकटची प्रणाली टाकली आणि यांच्या डाव्या हाताशी एक मोठं बटण जोडलं. दाबलं की स्वयंपाकघरात घंटी वाजायची. कॉम्प्युटरात माझ्या नावाचं साधं खातं होतं, घंटी त्यातून चालायची. माझ्या हातून काही बिघडू नये म्हणून मालकी त्यानं स्वतःकडे ठेवली होती. पण बटणाची तार जिथं जोडली होती ती जागा वाचायची परवानगी साध्या खात्याला नसते, मालकानं द्यावी लागते. अजिनाथ एक ओळ टाइप करून ती द्यायचा. लाइट जाऊन मशीन पुन्हा चालू झालं की परवानगी पुसली जायची आणि बटण मुकं व्हायचं. मग ड्युटी संपवून तो यायचा, ती ओळ टाइप करायचा आणि बापाच्या खाटेवर बसून चहा प्यायचा.

माझं खातं परवानगी असलेल्यांच्या गटात घातलं की काम कायमचं होतं, हे त्याला माहीत होतं. मी किती वेळा म्हटलं, घालून टाक.

"घालतो ना, आई. मग मला बोलवणार कोण?" तो म्हणायचा. हे अर्ध्या तोंडानं हसायचे.

पुढच्या उन्हाळ्यात जालना रोडवर अजिनाथ पाण्याच्या टँकरखाली आला. यांना इतक्यात सांगू नका, झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. कंपनीनं त्याला पुण्याला पाठवलंय, असं आम्ही सांगितलं. त्याची बायको ज्ञानेश्वरी आमच्याकडेच राहायला आली.

त्यानंतर एके दुपारी पहिल्यांदाच लाइट गेली आणि आली. आम्ही दोघी पाण्याच्या रांगेतून परतलो तर हे खाटेखाली पडलेले, बटण तारेसकट छातीशी धरलेलं. किती वेळ दाबत होते कोण जाणे.

ज्ञानेश्वरी क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायची. अजिनाथचा पासवर्ड तिला ठाऊक होता. यांना खाटेवर निजवून ती मशीनसमोर बसली.

"आत्या, कायमचंच करून टाकू का?"

मी हो म्हटलं. तिनं मला गटात घातलं, मशीन बंद करून चालू केलं आणि बटण यांच्या हाताखाली ठेवलं.

यांनी दाबलं. घंटी वाजली. हे दाराकडं बघत राहिले. पुन्हा दाबलं, पुन्हा वाजली. लाइट जाऊन आल्यावर अजिनाथ आल्याशिवाय ती कधीच वाजली नव्हती.

"आता कितीदा लाइट जाऊ द्या, मामा," ज्ञानेश्वरी म्हणाली. "कुणाला यायची गरज नाय."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच कळलं. ती स्क्रीनकडं तोंड करून बसली.

यांनी डावा हात उचलला. अंगठ्यानं स्वतःचं कपाळ पुसलं, कुंकू पुसतात तसं, आणि तिच्या पाठीकडं बोट केलं. मग माझ्याकडं बघितलं.

यांच्यासमोर ती टिकली लावूनच वावरायची.

मी खाटेच्या कडेला टेकले, यांचा हात धरला आणि म्हटलं, "व्हय."